मधला तारा

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक छापील चित्र आहे. चिकटपट्टी दोनदा बदलली, चित्र तेच. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची पहिली चित्रं १२ जुलै २०२२ रोजी जगापुढे आली, त्यांतलं हे एक. त्या दिवशी लोकांनी मोबाइलच्या पडद्यावर लावलं ते कॅरिना अभ्रिकेचं चित्र, डोंगरकड्यांसारखं दिसणारं. ते देखणं आहेच. पण ते ताऱ्यांच्या जन्माचं चित्र, आणि बारशाला गर्दी व्हायचीच. माझ्या भिंतीवर आहे ते मयताचं.

यादीतलं त्याचं नाव एनजीसी ३१३२, हाकेचं नाव ‘सदर्न रिंग’, म्हणजे दक्षिणेचं कडं. अंतर दोन ते अडीच हजार प्रकाशवर्षं. सूर्याच्या जातकुळीतला एक तारा मरताना अंगावरचे थर उतरवत गेला आणि ते थर अजून पसरताहेत, एवढाच चित्राचा विषय. चौकटी मात्र दोन. एकाच वस्तूला एकाच दुर्बिणीने वेगवेगळ्या अवरक्त प्रकाशात पाहिलं आणि दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या. शाळेत कवितेचं रसग्रहण लिहायचो तेव्हा आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य असे तीन खण ठरलेले असत आणि खणागणिक गुण. या चित्राला ते खण पुरत नाहीत, कारण याचा सगळा रस एका फसवणुकीत आहे. ती फसवणूक कुणी मुद्दाम केलेली नाही.

आधी डावी चौकट बघू. मधे निळं, पारदर्शक डबकं. भोवती नारिंगी-तांबूस कडं, आणि कड्याच्या बाहेर त्याच रंगाचा फेस. आईला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “अगदी घावन रे! कडा बघ कशी जाळीदार सुटलीये.” मला याहून चांगली उपमा अजून सापडलेली नाही. पातळ पीठ तापल्या तव्यावर पडताच काठाला जशी भोकं पडतात, तशीच ही भोकं आहेत, आणि त्यांतून आतला उजेड तिरपा बाहेर पडलाय. ढगाच्या फटीतून उन्हाचे पट्टे उतरावेत तसे हे किरण फेसातून आरपार जातात. सगळ्याच्या मधोमध एक झगझगीत तारा, आठ टोकदार अणकुचींचा. (त्या अणकुच्या ताऱ्याच्या नाहीत, दुर्बिणीच्या आहेत. षटकोनी आरशांच्या कडा आणि पुढचा आरसा धरणाऱ्या दांड्या यांनी प्रकाश असा फाकतो. चित्रकाराने कोपऱ्यात सही करावी, तशी ही दुर्बीण दर ताऱ्यावर सही करते.)

हे पाहून कुणीही म्हणेल की मधला तेजस्वी तारा हाच मरणारा, त्याच्याच अंगावरून हे सगळं निघालंय. वर्तुळाच्या केंद्रात असेल तोच धनी, हा आपल्या नजरेचा हिशेब. मीही तसंच धरून चाललो होतो.

आता उजवी चौकट. लांबी वाढलेल्या लहरींत रंग पार बदललेत, फेसाच्या जागी निळसर धागे आलेत, मधल्या ताऱ्याचा तोरा उतरलाय. आणि त्याच्या अगदी शेजारी, इतका वेळ दिसलाच नव्हता असा दुसरा तारा उभा आहे, लालसर. मेलेला तो. डाव्या चौकटीतही तो आहे, मोठ्या ताऱ्याच्या खाली डावीकडच्या अणकुचीत बुडालेला. ठाऊक असेल तरच सापडतो. मधला झगझगीत तारा नुसता सोबती आहे. त्याचं अजून काहीच झालेलं नाही.

हा उलगडा वेबने केला असं सांगितलं जातं, ते तितकंसं खरं नाही. जॉन हर्शेल १८३४ ते १८३८ या काळात केप ऑफ गुड होपला मुक्काम ठोकून दक्षिणेचं आकाश चाळत होता, तेव्हा ही अभ्रिका त्याला सापडली. पुढे वर्णपट वाचता येऊ लागले तशी अडचण उभी राहिली. मधल्या ताऱ्याचं तापमान निघालं साधारण दहा हजार अंश. एवढ्याशा उष्णतेने अभ्रिकेतला वायू असा पेटत नाही. अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करायला तीव्र अतिनील प्रकाश लागतो आणि त्यासाठी याच्या कित्येक पट तापलेला तारा हवा. दिवा तर लागलाय, पण दिसणाऱ्या वातीने तो लागणं शक्य नाही. म्हणजे दुसरी वात असलीच पाहिजे. ती १९७७ साली सापडली, सोबत्याला जवळजवळ चिकटून, एक लाख अंशांहून अधिक तापलेली, तरी सोबत्यापुढे अगदीच मिणमिणती. मिणमिणती, कारण आकार फारच लहान. वेबने नवं दाखवलं ते एवढंच की ही वात धुळीत गुरफटलेली आहे. एवढा तापलेला तारा खरं तर निळा दिसायला हवा. तो उजव्या चौकटीत लाल दिसतो, तो भोवतालच्या धुळीमुळे. राखेत झाकलेल्या निखाऱ्यासारखं आहे हे.

आता हे चित्र वाचायचं कसं? बाहेरून आत. बाहेरचा फेस सर्वांत जुना, आतलं निळं डबकं सर्वांत ताजं, कारण जे आधी सुटलं ते लांब पोचलं. घराच्या भिंतीला पोपडे आले की वरचा रंग अलीकडचा आणि खालचा जुना असतो. इथे ते उलटं घडलंय.

तर त्या फेसाच्याही आधी काय झालं असेल? तारा आयुष्यभर गाभ्यात हायड्रोजन जाळून हेलियम करतो. आपला सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन असा खर्च करतो आणि ४६० कोटी वर्षं करतोय. आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी गाभ्यातला साठा संपेल. चुलीतलं लाकूड संपल्यावर चूल विझते, तारा मात्र भडकतो. आतून रेटा देणारी आग गेली की गाभा स्वतःच्या वजनाने आवळतो, आवळला की तापतो, आणि त्या आचेने गाभ्याभोवतीच्या थरातला हायड्रोजन पूर्वीपेक्षा जोमाने पेटतो. बाहेरचं अंग फुगतं आणि फुगता फुगता थंडावून तांबडं पडतं. सूर्य आजच्या दोनशेपट फुगला की बुध आणि शुक्र गेलेच. पृथ्वीचं काय होईल यावर वाद आहे, पण तो वाद पृथ्वीवर बसून करण्याची वेळ आपल्यावर येणार नाही. सूर्य दर शंभर कोटी वर्षांत दहाएक टक्क्यांनी प्रखर होत जातो आणि समुद्र आटायला तेवढं पुरे.

गाभा दहा कोटी अंशांवर गेला की हेलियम पेटतो, त्याचा कार्बन आणि ऑक्सिजन होतो. हेही सरपण संपतं. यापुढची पायरी, म्हणजे कार्बन पेटवणं, सूर्याच्या वजनाच्या ताऱ्याला झेपत नाही. मग उरतो तो विझत्या चुलीचा शेवटचा प्रकार. गाभ्याबाहेरच्या दोन पातळ थरांत आग आळीपाळीने भडकते, तारा आचके देतो, आणि आतलं द्रव्य ढवळून वर येतं. हे अंदाजाने सांगितलेलं नाही, याला साक्षीदार आहे. १९५२ साली पॉल मेरिल याला अशा काही तांबड्या ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्निशियम सापडलं. या मूलद्रव्याला स्थिर रूपच नाही. त्याचं सर्वांत टिकाऊ रूपही काही दशलक्ष वर्षांत निम्मं होतं. ताऱ्याच्या जन्मापासूनचं ते असूच शकत नव्हतं. म्हणजे तारा ते आत शिजवत होता आणि वर आणून दाखवत होता.

वर आलेलं मग वर थांबत नाही. इतक्या फुगलेल्या ताऱ्याची पृष्ठभागावरची पकड नावापुरतीच असते. थंड बाहेरच्या भागात धुळीचे कण धरतात, प्रकाश त्यांना ढकलतो, धूळ आपल्याबरोबर वायूला ओढते, आणि सगळं अंग संथपणे बाहेर वाहू लागतं. आपल्या चित्रातल्या ताऱ्याने असं किती गमावलं याचा हिशेब ओर्सोला डी मार्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. जवळपास सत्तर खगोलशास्त्रज्ञांचा हा निबंध डिसेंबर २०२२मध्ये ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त आला. मूळ तारा सूर्याच्या जवळजवळ तिप्पट वजनाचा होता आणि आज उरलाय सूर्याच्या ०.५८ पट. पाचांतले चार वाटे बाहेर! डाव्या चौकटीत निळं आणि नारिंगी दिसतं ते या चार वाट्यांपैकी. हा हिशेब जमला तो मधल्या सोबत्यामुळे. दोघे एकाच वेळी जन्मलेले, आणि वजनदार तारा आधी संपतो. सोबत्याचं वजन आणि वय काढलं की गेलेला त्याच्याहून किती भारी असणार ते काढता येतं. फसवणारं पात्रच साक्षीला उपयोगी पडलं.

नारिंगी फेस हा बहुतेक हायड्रोजनच्या रेणूंचा, अजून न पेटलेला. निळं डबकं म्हणजे पेटलेला वायू. त्या निखाऱ्याचं अंग उघडं पडल्यावर त्याचा अतिनील प्रकाश सुटला आणि आतल्या बाजूने वायू उजळू लागला. दोन्हींच्या मधलं कडं म्हणजे रेट्याची सीमा. अर्ध्या प्रकाशवर्षाच्या पसाऱ्यातलं हे द्रव्य सेकंदाला पंधराएक किलोमीटर वेगाने पसरतंय. चित्र स्तब्ध वाटतं, पण ते स्तब्धतेचं नाही. काही हजार वर्षांत ही अभ्रिका इतकी विरळ होईल की कुणाला सापडणार नाही. ताऱ्याच्या कोट्यवधी वर्षांत अभ्रिकेची ही दहा-वीस हजार वर्षं म्हणजे उदबत्तीचा शेवटचा धूर.

रंगांबद्दल एक आक्षेप नेहमी येतो. अवरक्त प्रकाश डोळ्याला दिसतच नाही, मग हे निळं-नारिंगी कुठून आणलं? लावलेलं आहे, बरोबर. छोटी लहर निळी, मोठी लहर तांबडी, असा क्रम राखून लावलेलं आहे. मला यात लबाडी वाटत नाही. गाण्याची पट्टी बदलून आपल्या गळ्याच्या टप्प्यात आणावी, तेवढाच हा बदल. सुरांमधली अंतरं तीच राहतात. डोळ्याला या जातीच्या अभ्रिका खरोखर कशा दिसतात, तर फिकट हिरवट-निळ्या. त्या हिरव्याचीही गंमत आहे. १८६४ साली विल्यम हगिन्सने अशा एका अभ्रिकेच्या वर्णपटात हिरव्या रेषा पाहिल्या, त्या पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेनात. मग ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्य मानलं गेलं आणि साठेक वर्षं ते जगलंही. १९२७मध्ये आयरा बोवेनने दाखवलं की तो साधा ऑक्सिजन आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, आणि इतक्या विरळ जागेत की पृथ्वीवर कधी निघत नाही तो रंग तिथे त्याला काढायला सवड मिळते.

शब्दांचाही रस घ्यायला हवा. इंग्रजीत या अभ्रिकांच्या नावात ग्रह शिरलाय, कारण विल्यम हर्शेलला त्या युरेनसच्या बिंबासारख्या दिसल्या. ग्रहाचा इथे काडीचा संबंध नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मराठीत बिंबाभ्रिका म्हणतात. बिंब दिसतं अशी अभ्रिका. ग्रह गाळला, दिसणं ठेवलं. पुढची जोडी तर आणखी झकास: तांबडा राक्षस आणि श्वेत बटू. बटू म्हटला की मराठी माणसाला वामन आठवतो, तीन पावलांत सगळं व्यापणारा. इथे उलट गोष्ट आहे. राक्षसच सगळं व्यापतो, मग सगळं देऊन टाकतो आणि बटू होऊन बसतो. नाव ठेवणाऱ्याच्या मनात पुराण होतं की नव्हतं कोण जाणे, पण जमून गेलंय.

हा बटू पुढे आवळत का जात नाही? आग तर विझलीये, रेटा कोण देतं? उत्तर मुंबईच्या लोकलमध्ये बसलेल्याला लवकर कळेल. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळते, थोडं सरका म्हटलं की झालं. इलेक्ट्रॉनांच्या जगात चौथी सीट नाही. एक जागा भरली की दुसऱ्याने पुढची, अधिक ऊर्जेची जागा शोधायची. गाभा जितका दाबाल तितके इलेक्ट्रॉन वरच्या जागांवर ढकलले जातात आणि तितक्या जोराने उलट रेटतात. या रेट्याला उष्णता लागत नाही. म्हणून बटू थंड होत गेला तरी खचत नाही. चमचाभर द्रव्य काही टनांचं, तरी उभा. मात्र याला मर्यादा आहे. १९३०च्या जुलैअखेरीस एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून इंग्लंडला जायला बोटीत बसले आणि वाटेत याच गणितात गढले. बटूचं वजन सूर्याच्या साधारण १.४ पटींवर गेलं तर हा रेटा हरतो, हे त्यातून निघालं. १९३५च्या जानेवारीत खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने लंडनच्या सभेत या निष्कर्षाची टर उडवली. नोबेल मिळालं १९८३मध्ये. आपल्या चित्रातला बटू ०.५८चा, सूर्याचा होईल तोही साधारण एवढाच. दोघांनाही त्या मर्यादेची भीती नाही.

उजव्या चौकटीतल्या निळसर धाग्यांवर मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळतो. ते कार्बनयुक्त रेणूंचे, धुळीवर धरलेले. डावी चौकट देखणी, पण उजवी खरी, असं माझं मत होत चाललंय. धूळ हे या मरणाचं खरं उत्पन्न आहे. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ उल्का पडली. तिच्या दगडात सिलिकॉन कार्बाइडचे डोळ्याला न दिसणारे कण सापडले, ते सूर्याहून जुने आहेत, आणि त्यांतले बहुतेक अशाच म्हाताऱ्या ताऱ्यांच्या वाऱ्यात धरलेले. म्हणजे या उजव्या चौकटीतल्या धुळीची भावकी आपण प्रयोगशाळेत काचपट्टीवर ठेवून पाहिलेली आहे.

आता सर्वांत नाजूक जागा. हे कडं नीट गोल नाही. कुठे लांबट, कुठे चेपलेलं, बाहेरच्या फेसात कमानींमागून कमानी. एकटा तारा सगळीकडे सारखा वाहतो, त्याने एवढी कारागिरी केली नसती. डी मार्को यांच्या गटाने या वेड्यावाकड्या आकारावरून मागे मागे जाऊन पात्रं मोजली. बटूच्या धुळीच्या चकतीसाठी एक जवळचा जोडीदार हवा. कमानींसाठी थोड्या अंतरावर फिरणारा, वाहतं द्रव्य दर फेरीला ढवळणारा आणखी एक. आणि मधला झगझगीत सोबती तर आहेच. किमान चार तारे, कदाचित पाच. त्यातले दिसतात दोनच. जे आपल्याला मरणाचं सौंदर्य वाटतं, ते बरंचसं सोबतीचं आहे.

सूर्याला असा तारा-सोबती नाही. त्याला अभ्रिका होईल की नाही याचीच बराच काळ शंका होती. इतक्या हलक्या ताऱ्याचा गाभा तापेपर्यंत वायू विखरून जाईल असं गणित होतं. २०१८मध्ये नव्या गणिताने सांगितलं की होईल, पण फिकट. कमानी नाहीत, जाळी नाही. बहुधा साधं, पुसट, गोलसर बिंब. गुरू राहील फिरत. निवलेल्या बटूभोवती फिरणारा गुरूएवढा ग्रह २०२१मध्ये जाहीर झालाय, तेव्हा ते अशक्य नाही.

चित्राच्या डाव्या वरच्या अंगाला एक बारीक सरळ रेघ आहे, ती जाता जाता पाहून ठेवा. वेबच्या प्रकाशन सोहळ्यात कार्ल गॉर्डन या खगोलशास्त्रज्ञाने कबूल केलं की ती अभ्रिकेचाच भाग आहे अशी त्याने पैज लावली होती आणि ती तो हरला. ती कडेवरून दिसणारी एक अख्खी दीर्घिका आहे, कितीतरी मागे. या चित्रात जाणकारही फसतात हे वाचून मला बरं वाटलं.

गेल्या मार्चमध्ये कोकणातल्या घरी आठ इंची दुर्बीण घेऊन गेलो होतो. रात्री दहाच्या सुमाराला ही अभ्रिका दक्षिणेला, क्षितिजाच्या तीसेक अंश वर असते. अगस्त्य पश्चिमेकडे कलला की त्याच्या डावीकडे, वर. भाचा आधी बसला.

“मामा, सापडलं. मधे तारा आहे, मस्त दिसतोय. हाच मेलेला?”

“नाही. हा त्याच्या शेजारचा.”

“मग मेलेला कुठे आहे?”

“तिथेच. याच्या उजेडात दिसत नाही.”

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आणि भोवतीचं राखाडी?”

“ते त्याचं.”

“थांब, जातंय ते कडेला.”

अभ्रिका भिंगाच्या काठापर्यंत सरकली होती. मी नळी पश्चिमेला बोटभर ढकलली.